पोटुशा

फुएन्सांता पाण्यात उतरते ती अशी,
जणू स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरतेय.
काय कुठे ठेवलंय ते तिला ठाऊक आहे:
इथे वाळू, इथे गवताची गादी,
तिथे खिनेसच्या बापाची बुडालेली होडी.

कमरेएवढं खारं पाणी. मार मेनोर, धाकटा समुद्र.
समोर वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर हॉटेलांचे दिवे,
आणि पट्टीपलीकडे थोरला,
जो धाकट्याच्या दुखण्यात सहसा पडत नाही.

तिच्या हाती काचेच्या बुडाची बादली,
माझ्या हाती पाटी.
मोजणीला पोहता यायलाच हवं असं नाही,
मान वाकवता आली पाहिजे, ती म्हणते.

आठ वर्षांची असताना
एका सकाळी तिने चाळीस समुद्रघोडे धरले होते.
पळणं त्यांना जमतच नाही.
पाठीवरचा इवला पर शिवणयंत्राच्या सुईसारखा थरथरतो
आणि घोडा जवळजवळ जागच्या जागी.
शेपटीने गवत धरून बसायचं, एवढीच विद्या.
गवत नसलं तर बोट.
"हे," ती म्हणते, आणि करंगळी दाखवते.

मग गच्चीवर, चिरलेल्या टोमॅटोंच्या शेजारी, उन्हात.
तीन दिवसांत खडखडीत.
माद्रिदहून हवा खायला आलेल्या बायका
घोड्यामागे पाच पेसेता देत.
पहिल्या कम्युनियनचे पांढरे बूट त्यातून आले.
चावत होते, ती म्हणते. आणि गप्प होते.

पुढे शेतं आली. लेट्यूस, आर्टिचोक, नजर पोचेल तिथवर.
पिकाने खाल्लं तेवढं खाल्लं,
उरलेलं खत ओढ्याने इथे आणून ओतलं.
पाणी झालं पालकाच्या पातळ भाजीसारखं,
तळच्या गवताला ऊन मिळेना.
आणि एका ऑक्टोबरात
मासे आपणहून काठावर आले, तोंडं उघडी.
खिनेसने टोपी काढली
ती बराच वेळ घातली नाही.

आज तीन तास झाले. शून्य. शून्य.
एक सुईमासा, घोड्यांचा चुलतभाऊ, तो धरत नाहीत.
शून्य.

"थांब."

काचेतून बराच वेळ गवतच दिसतं.
मग गवताला डोळा फुटतो.
एक माझ्यावर,
दुसरा आपल्या कामावर. पोटात जठर नाही,
त्यामुळे दिवसभर खात राहावं लागतं बिचाऱ्याला.
नर आहे. पोटाची पिशवी टम्म.

पाटीवर लिहायला जाते आणि अडते.
माझ्या भाषेत पोटुशी असते,
पोटुशा नसतो.
डोहाळे तिचे, कळा तिच्या,
बाप व्हरांड्यात चपला झिजवणारा.
मी लिहिते: पोटुशा, एक.

काय लिहिलंस? सांगते.
ती इतकी हसते की पाणी हलतं.
"खिनेसने कधी लंगोटसुद्धा बदलला नाही!"

मग हळू आवाजात:
जोडी असली की रोज सकाळी मादी भेटायला येते,
दोघं रंग बदलतात, एकाच काडीभोवती फिरतात.
इथे आसपास कुणी नाही.
"पण अंडी कुणीतरी दिली ना याला? मग दोन लिही."
दिसलं तेच लिहायचं, मी म्हणते, नियम आहे.
"नियम," ती म्हणते.

शेकडो पिल्लं असतील आत.
मोठी होतील किती,
ते दोघींनाही माहीत आहे, म्हणून बोलत नाही.

बादली उचलण्याआधी
ती करंगळी पाण्यात धरते.
शेपटी पोचणार नाही
इतक्या अंतरावर.