छत्तीस खाचा

डॅशबोर्डावरचं बॅटरीचं लाल चित्र
आधी सायनच्या सिग्नलला लागलं, मग विझलं.
विझलं ना, मग झालं, मी मनात म्हटलं.
हळबेबाई स्टिअरिंगला लटकलेल्या,
वय एकसष्ट, बँकेतून निवृत्त,
क्लच अजून सापडायचाय.
चुनाभट्टीच्या चढावर हॉर्नचा घसा बसला,
इंडिकेटर दमेकऱ्यासारखा मध्येच थांबू लागला.
माझं काही चुकलं का हो, मॅडम?

नाही बाई. यात तुमचं काही नाही.
ही वॅगनआर माझ्याकडे आली
तेव्हाच तिसऱ्या हातातली होती,
आणि मोटार ट्रेनिंग स्कूल म्हणजे
मी, ही, आणि फाटकाला तारेने बांधलेला बोर्ड.

शोरूमवाला स्क्रीनकडे बघूनच बोलला:
अल्टरनेटर गेलाय. रिपेअर करत नाही आम्ही, बदलतो.
बारा हजार आठशे. फिटिंग वेगळं.
त्याच्या टेबलावर पाण्याची छोटी बाटली होती,
ती मी पर्समध्ये घातली.
तेवढी तरी वसुली.

कुर्ल्यात सीएसटी रोडला
दरवाजे, बंपर, हेडलाइटचे ढीग.
एकाने जुना माल साडेतीन हजारांत दाखवला,
वरून चकचकीत,
हाताने फिरवला तर आत वाळू दळल्यासारखं.
लहानपणी चुलतीसमोर जात्याला बसलेय मी.
बेअरिंगचं दुखणं मला कानाने कळतं.

मग कलिनाच्या गल्लीत क्रिस्पिन लोपीस,
दुकान एका खाटेएवढं.
आधी पुली फिरवून ऐकलं, मग बोल्ट काढले.
कार्बन झिजून डाळीच्या दाण्याएवढे,
वायंडिंग एका अंगाने काळी,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी.
"डबा चांगला. रोटर चांगला.
डायोड दोन मेलेत, चार जिवंत.
यात फेकायचं काय?"

आणि थांबला.
तारेच्या टोकाजवळची दोऱ्याची गाठ
नखाने उचलून बघत राहिला.
"ही गाठ माझी."
दोनदा गुंडाळून उलटी ओढलेली,
त्याची आई गोराईला जाळी सांधायची, तिच्याकडून आलेली.
गाडी आठवेना, मालक आठवेना.
आत खडूने वर्ष लिहिलेलं, अर्धं पुसलेलं.
मला वाटलं, आता दोनशे तरी कमी करील.
तर तो रागावला, स्वतःवरच:
"अकराच वर्षं टिकली."

करपलेलं तांबं उपटून काट्यावर घातलं,
भंगाराचे तीनशे चाळीस बिलातून वजा.
छत्तीस खाचांत नवा कागद बसवला,
आणि तार घालताना त्याचे ओठ हलत होते
जपमाळेवर हलतात तसे,
फोन वाजून वाजून बंद झाला, आकडा सुटला नाही.
मी शिंक आली ती दाबून धरली.
वार्निश लावून, तेलाच्या डब्यात
दोनशेच्या बल्बखाली रात्रभर.
त्या रात्री मला झोप आली नाही म्हणजे काय,
बॅच सहाची होती आणि गाडी बिनपोटाची.

सकाळचे धडे रद्द. दुपारी पट्टा चढवला,
मीटरच्या दोन सुया बॅटरीला:
चौदा पॉइंट दोन.
हेडलाइट लावा, हॉर्न दाबा, पंखा फुल्ल.
तेरा पॉइंट नऊ.
"बस," क्रिस्पिन म्हणाला, आणि हात रॉकेलने धुतले.
कार्बन, बेअरिंग, डायोड, मजुरी धरून
दोन हजार सहाशे दहा.
दहा त्याने सोडले नाहीत. मीही मागितले नाहीत.

हळबेबाईंना बॉनेट उघडून दाखवलं.
बॅटरी फक्त उठवते, मी म्हटलं,
गाडी उठली की पुढचं सगळं हा कमावतो,
बॅटरीलाही हाच भरवतो.
"म्हणजे राबतो एक, आणि नाव दुसऱ्याचं,"
बाई म्हणाल्या. "आमच्या ब्रँचला असंच होतं."

मग त्याच चढावर, मागे बेस्टची बस,
हाफ क्लचवर त्यांनी गाडी धरली,
इंचभर मागे नाही.
आरशात मात्र
अजून बघत नाहीत.