साक्षीदाराची सही

फॉर्म चार पानांचा.
पहिला मी किटलीखाली ठेवला,
त्यावर गोल डाग पडला,
म्हणून कार्डिफहून दुसरा मागवला.
त्यात तीन आठवडे गेले. एवढीच माझी टाळाटाळ.

ब्याऐंशीव्या वर्षी माझी मूत्रपिंडं कोणाला द्यायची
म्हणजे जुना सोफा नव्या सुनेला.
अख्खा देह मात्र चालेल म्हणतात,
तोही अटींवर.
फार जड नको. पोस्टमॉर्टेम झालेला नको.
आणि नाताळच्या सुट्टीत शक्यतो मरू नये,
तेव्हा घ्यायला कोणी नसतं.
असं अगदी लिहिलेलं नाही,
पण जन्मभर रिपोर्ट वाचले आहेत,
ओळींच्या मधलं कळतं मला.

निनाद रेडिंगहून म्हणाला,
"आई, मग दहावं कधी करायचं?"
तीन वर्षांपर्यंत ठेवतात रे. मग राख देतात, हवी तर.
आणि बॅरीच्या वाळूत पिंड ठेवलास
तर तिथले सीगल माझी इच्छाबिच्छा विचारणार नाहीत,
पानासकट उचलतील.
तो हसला नाही.
त्याच्या मागे डिशवॉशर चालू होता,
बराच वेळ आम्ही दोघांनी तोच ऐकला.

त्याला सांगितलं नाही ते हे:
मिरज, बासष्ट साल, टेबल नंबर सात.
आम्ही आठ जण, मुलगी मी एकटी,
माझ्या वाट्याला उजवा हात.
बाई होती. रजिस्टरात लिहिलेलं, बेवारस.
आणि मनगटाच्या वर, आतल्या बाजूला,
हिरव्या, पसरलेल्या अक्षरांत गोंदलेलं: धोंडू.
मुलं जगत नाहीत म्हणून
जगावा त्याला ठेवतात ते नाव.
बेवारस म्हणे,
आणि कातडीवर वारस.

मी कडेकडेने सोलत राहिले.
डेमॉन्स्ट्रेटर म्हणाले, मिस, तुम्ही मागे पडताय.
गुरुवारी ती अक्षरंही निघाली.
खाली मिडियन नर्व्ह होती, पुस्तकात असते तिथेच,
पुस्तकात असते त्याहून मळकट.

पुढे पस्तीस वर्षं ट्रिऑर्कीच्या दवाखान्यात
खाणीतली माणसं सुन्न बोटं पुढे करायची,
डॉक्टर, रात्री मुंग्या येतात हो,
आणि मी त्यांचं मनगट धरून
तिच्या मनगटात उतरायचे.

तिला कोणी फॉर्म दिला नव्हता.
चार पानं सोडा, एक ओळ नाही.
अंगठा तर होता तिला.
तोही सोडवून पाहिला आम्ही.
नऊ स्नायू. तोंडीला विचारले होते.

साक्षीदार म्हणून शेजारची एअरवेन आली,
कचऱ्याचे डबे बाहेर लावून, तशीच, हात पुसत.
चारही पानं मोठ्याने वाचली तिने,
चर्चमध्ये वाचावीत तशी.
मग म्हणाली, "गॅरेथ जन्मभर जमिनीखाली होता,
आणि मीही त्याला नेऊन खालीच ठेवला.
दुसरं काही सुचलंच नाही तेव्हा."
थोडं थांबून, "पण तुम्हाला थंडी नाही का वाजणार, डॉक्टर?
तुम्ही तर जूनमध्येही स्वेटर घालता."

पासष्टच्या हिवाळ्यात शिकलेल्या माझ्या इंग्रजीत
याला उत्तर नव्हतं.
मराठीतही शोधलं.

तिने चष्मा लावला,
जीभ दातांत धरून सही केली, तारीख घातली,
आणि मुलाला आणायला धावत गेली, म्हणजे नातवाला,
ती दोघांना मुलगाच म्हणते.

मग माझ्या लक्षात आलं.
साक्षीदाराची सही झाली, माझी राहिली.
जे तिने पाहिलं म्हणून लिहून दिलंय
ते अजून घडलेलंच नाही.

डोंगरावर चार वाजताच अंधार.
पेन टेबलावर आहे.
उचलायचं तर अंगठ्याला
बोटांच्या समोर यावं लागतं.