एका पेशीची भिंत

महूच्या कॉलेजात, मागच्या इमारतीत,
कोमट पाण्यावर मेणाचा काप तरंगतो
आणि मी तो काचेवर झेलते.
एकवीस वर्षं झेलते आहे.
आजचा गेंदालालच्या पिलाचा.
वय तीन दिवस. बारांतलं सातवं.

सिमेंटच्या गोणीत आणलं होतं त्यानं,
सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून.
"दूद तो पियो थो, बाई," एवढंच म्हणाला,
मग गोणीची घडी घालत बसला.
चार घड्या. उलगडून परत चार.

प्यायलं असेल. पण कधी?
डुकरिणीची वार मोठी कडक,
पोटात असताना ती पिलाला लढायला काहीही देऊ देत नाही.
जन्मतं ते निहत्तं.
पहिला एक दिवस आतडं दारं सताड उघडी ठेवतं,
चिकातलं येईल ते अख्खंच्या अख्खं आत घेतं.
मग दारं लागतात.
मागाहून आलेल्याला आचळ मिळतं,
दूध मिळतं,
पोटही भरतं.

भिंग फिरवते.
दाटीनं उभी गुलाबी बोटं,
मधेमधे पेल्यासारख्या पेशी
किरमिजी बुळबुळ काठोकाठ भरून.
काही पेले रिकामे. ओतून झालेत.
आणि काठाला एकच थर, एका पेशीचा:
या बाजूला रक्त,
त्या बाजूला शेण, माती, नाल्याचं पाणी,
जे जे पिलानं तीन दिवसांत हुंगून चाटलं ते.

आई अजून मला पायरीवरच थांबवते,
पाय धू म्हणते, पदर झटक म्हणते,
डुकराचं नाव घरात काढत नाही. "ते तुझं" म्हणते.
तिला कसं सांगू की हिचंही एक सोवळं असतं,
पण ही सगळ्यांना शिवते.
शिवल्याशिवाय हिला कळतच नाही कोण कोण आहे ते.
तळच्या खळग्यात हिच्या पेशी जन्मतात,
एकीला एक चिकटून वर चढत जातात,
टोकाला पोचल्या की गळतात,
अंगाला लागलेला जंतू घेऊन
खाली, वाहत्यात.

या कापात जंतू दिसतात.
आघाड्याच्या बियांसारखे, ओळीनं, बोटांच्या कडांना.
मी फट शोधत होते.
तासभर शोधली.
डॉक्टर शिरढोणकरांनी मागून डोकावून पाहिलं:
"फट नाही सापडणार. हे भिंत पाडत नाहीत.
भिंतीच्या कानाशी लागतात."
नळ सोड, एवढंच सांगतात.
आणि ती सोडते. वाटत असेल तिला
धुऊन निघेल सगळं.

जळूदहून नर्मदा चढून येते आमच्या इंदुरात,
पंपामागून पंप,
एका दिवसाआड, सुदामानगरच्या टाकीत.
आई बादलीतल्या पाण्यानं गच्ची धुते, त्याच पाण्यानं तुळस.
आणि सव्वा किलोचं हे पिलू
एका रात्रीत रिकामं.
भिंत शेवटपर्यंत उभी.

अहवालात तसं लिहिता येत नाही.
"अस्तर अखंड" लिहिलं. मग जंतूंचं नाव.

बारांतली तीन उरली.
त्यांच्यात वेगळं काय, गेंदालालनं विचारलं.
म्हटलं, एखाद्याच्या आतड्याला
जंतूनं लटकावं अशी खुंटीच नसते.
"किस्मत," तो म्हणाला.
"खुंटी," मी म्हटलं.
मग हातानं दाखवलं: पुढच्या वेतात
तगडी पिलं तासभर टोपलीत,
बारकी आधी आचळाला.

भाद्रपदात त्याच्याकडे गेले.
रात्रीत व्यालेली. अकरा.
पिऊन झालं की तो कपाळावर गेरूचं बोट लावत होता
आणि टोपलीत ठेवत होता.
दहा ठिपके मोजले.
अकरावं त्याच्या तळहातावर, अजून ओलं,
तोंड भलतीकडेच उघडत होतं.
मला पर्स कुठे ठेवावी कळेना.
मातीत ठेवली,
आणि हात पुढे केले.