ठिकाणाचा रकाना

कॉलेजच्या मागच्या खोलीत डांबरगोळ्यांचा वास आहे
आणि सहाशे चौदा वनस्पती,
ज्यांना कोणी पाणी घालत नाही.
एकोणतीस वर्षं मी त्यांची कपाटं पुसली.
पगारपत्रकात मी परिचर, लोटू धनजी भंगाळे,
पण रजिस्टरात अक्षर माझंच,
कारण नेहेते सरांचं अक्षर त्यांनाही लागत नसे.

रकाने असे: नाव, कुळ, तारीख, किती दिसली,
आणि शेवटचा, ठिकाणाचा,
जो सर भरू देत नसत.
नुसतं 'सातपुडा' लिही, म्हणायचे.
कधी तेही जास्त वाटायचं त्यांना,
मग 'तापीच्या उत्तरेला'.

एकदा भरला होता.
गुग्गुळ, तीन झुडपं, नाल्याच्या डाव्या काठाला.
पुढच्या हिवाळ्यात त्याच काठावर
तीन खोडं, खालपासून वर चिरे पाडलेली,
डिंक वाळून काळा, त्यात मुंग्या.
सर काही बोलले नाहीत.
येताना एसटीत त्यांनी तिकीट दोनदा काढलं.

खर्पुडीचं वेगळं.
ती आम्हाला हसीना तडवीने दाखवली,
म्हणजे दाखवली नाही, तिची शेळी तिथे अडली होती.
थोराच्या जाळीत दोऱ्याएवढी वेल
आणि तिला बोटाच्या पेराएवढा हिरवट कंदील.
आत जांभळे केस, केसांत एक चिलट,
त्याला बाहेर पडायला उद्या उजाडणार होतं.
सर गुडघ्यांवर, चष्म्याची काडी तोंडात.
"दुर्मीळ," म्हणाले, "फार दुर्मीळ."
हसीना हसली.
"काय तं दुर्मीळ! आमी लहानपनी
हिचे कांदे भाजीसन खायेल हायेत, मूठ मूठ."
मग शेळीच्या पाठीवरचं कुसळ काढत,
"आता साळिंदरं खातात. आमच्याले भेटत नाही."

किती दिसली: एक.
खाल्लेल्यांचा रकाना नव्हता.

तिथेच वरच्या अंगाला दहीपळस होता.
त्याच्या पानावर काडीने ओढलं
तर आधी काहीच दिसत नाही.
बिडी संपेपर्यंत थांबा,
काळी अक्षरं आतून वर येतात.
हसीनाचा आजा म्हणे असल्या पानांवर
डोंगरापलीकडच्या सोयऱ्यांना निरोप धाडायचा.
सरांनी पान तोडलं, खाली बसले,
सगळं लिहिलं: कोणता दगड, कोणता ओढा, किती पावलं.
अक्षरं उमटली तशी दोनदा वाचली,
मला वाचायला लावली,
आणि पान शेळीपुढे धरलं.

सरांना जाऊन सहा वर्षं झाली.

यंदा सावद्याची एक मुलगी येते, कामिनी पाचपांडे.
मोबाईलवर नकाशा उघडून बसते.
काका, हा रकाना सगळा कोरा कसा?
मी सांगितलं, गुग्गुळाचं, तीन खोडांचं.
तिने ऐकून घेतलं, पाणी प्यायली.
म्हणाली, वरून नवा रस्ता चाललाय, मोजणी सुरू आहे.
जे कागदावर नाही
ते तिथे नव्हतंच, असं धरतात.

हे खरं आहे.
सर असते तर त्यांनाही खोडता आलं नसतं,
फार तर चष्मा काढून पुसला असता.

त्या दगडापासून ती पावलं मला अजून पाठ आहेत.
गुडघे मात्र माझे आता
कपाटाच्या खालच्या खणापर्यंतही जात नाहीत.
हसीना बाजेवर बसून नातवाच्या शेळ्यांना नावं ठेवते.
कामिनीला म्हटलं, गुरुवारी पहाटेची गाडी पकड,
चपला नको, बूट घाल,
आणि मोबाईल खिशात राहू दे.
आता फुललेली असेल?
भादव्यात, म्हटलं. अजून आषाढ आहे.
तोवर मोजणीवाले कुठवर येतील
ते तिलाही माहीत नव्हतं.

जाताना पेन उघडून मी रकान्यावर धरलं होतं.
शाई टोकाशी आली, मी टोपण लावलं.
दहीपळसाचं एक पान आण, म्हटलं,
मी सांगतो ते त्यावर लिही.
दारातून वळून तिने विचारलं,
"आणि दहीपळस कुठे आहे,
हे कशावर लिहिलंय, काका?"