संमतीचा रकाना

सेमिनरी हिल्सच्या चढावर स्कूटरनं दम टाकला.
खारीक पुढे पायाशी बसलेली,
जीभ बाहेर, कान गरम वाऱ्यावर.
तिला वाटलं, फुटाळ्यावर चाललोय.
तलावाचं वळण मागे पडलं तेव्हा
तिनं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं.
मी रस्ता बघत राहिले.

फोन सकाळीच आला होता, डॉक्टर उमाठेंचा.
"तुमची सव्वीस किलोची आहे ना? लसी झाल्यात?
इथे एक पडलाय. गोचिडाचा ताप.
रक्तच उरलं नाही त्याच्यात. हिरड्या पाहाल तर
चुना मारलेल्या भिंतीसारख्या."
मी कूलरमध्ये पाणी भरत होते.
पाइप तसाच राहिला, खोलीभर पाणी झालं
आणि मी हो म्हणून बसले.
कुणाच्या वतीनं, ते नंतर सुचलं.

त्याचं नाव क्लच.
गिट्टीखदानच्या एका गॅरेजात
जुन्या टायरांमध्ये वाढलेला.
त्याचा माणूस, नंदनवार, हाताला ऑइल म्हणून
कुत्र्याला न शिवता नुसता भिंतीशी उभा.
"दोन दिवसांपासून पाणी बी पिऊन नाही राहिला, ताई."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग एकदम, "तुमच्या गाडीचा आवाज बरोबर नाही.
आणून टाका माझ्याकडे."

फॉर्म होता. नाव, वय, वजन.
जातीपुढे मी काहीच लिहिलं नाही.
कंपाउंडर म्हणाला, काहीतरी टाका.
मी टाकलं: नागपुरी.
त्याखाली दात्याची संमती,
आणि संमतीपुढे, मालकाची सही.

दाता फरशीला पोट लावून
गारव्याचा तुकडा शोधत होता.
मी खाली बसले. म्हटलं, खारीक, देशील?
देशील म्हटलं की ती पंजा देते,
मीच शिकवलंय, ग्लुकोजच्या बिस्किटावर.
तिनं पंजा दिला.
आता ही संमती धरायची का?
मी धरली. सही केली.
पण रक्त पंजातून घेत नाहीत.
मानेतून घेतात.

मशीन घरघरलं. केस गळून
तळहाताएवढा चौकोन उघडा झाला,
खालची कातडी गुलाबी, त्यावर दोन काळे ठिपके.
सहा वर्षं एका घरात राहून
हे ठिपके मला माहीत नव्हते.
तिचं डोकं माझ्या कोपरात.
शेपटी टेबलावर दोनदा आपटली, मग थांबली.
खाली पिशवी फुगत गेली,
पिकल्या जांभळाच्या सालीच्या रंगाची.
दहा मिनिटं म्हणाले होते.
मी तिच्या कानात जे बोलले ते इथे लिहीत नाही.
त्यातलं एक खोटं होतं: झालंच बघ, झालंच.

आईला मेडिकलमध्ये रक्त लागलं होतं तेव्हा
तीन काका व्हरांड्यात उभे होते.
तिघांनाही त्याच दिवशी शुगर निघाली.
पिशवी कुठून आली, कोण जाणे. तिच्यावर नुसता आकडा होता.

संध्याकाळी नंदनवार घरी आला,
स्टीलच्या डब्यात उकडलेली कलेजी.
"मीठ नाही घातलं," एवढंच म्हणाला,
चप्पल न काढता दारातच उभा,
हात साबणानं घासून घासून लाल.
खारीकनं डबा चाटून फरशीवर फिरवला,
रात्री साडेदहापर्यंत तोच आवाज.

महिन्यानं गाडी दाखवायला गेले, हिला घेऊन.
टायरांमागून क्लच उठला
तो थेट अंगावरच आला हिच्या.
हिनंही दात विचकले.
"अबे, ओळख तं ठेव!" नंदनवार ओरडला,
पाना हातात, हसू आवरत नव्हतं त्याला.
दोघं भुंकत राहिले, एकाच उन्हात,
मी आणि तो त्यांच्यामध्ये
दोन वेड्यांसारखे, आनंदानं.

हिच्या मानेवर आता केस आलेत,
आखूड, बाकीच्यांहून जरा फिके.
ती कधी कधी आपणहून पंजा पुढे करते.
मी बिस्किट देते.
मागत मात्र नाही अजून.