धूर आडवा होता

गोरेमेत पहाटे चारला आम्ही फुगे पसरतो
गोठलेल्या मातीवर, उडण्याआधीचे, मेल्यासारखे.

तहसीन बे गाडीतून उतरत नसत.
काच चार बोटं खाली : किती टोपल्या भरल्या?
कुणी वाऱ्याचं बोललं की काच वर.
हळूहळू आम्ही वारा बघणंच सोडलं.
दोर हातात, डोकं पगाराच्या तारखेत.
त्या हिवाळ्यात बेकिरने मारलेल्या गाठी
नुसत्या दिसायला गाठी होत्या.

मग नुरहायात बाई आल्या.
पहिल्याच दिवशी दोर ओढायला हातमोजे मागितले.
हातमोजे कुणाकडेच नव्हते.
त्या आमच्या तळव्यांकडे बघत राहिल्या,
आम्ही खिशात हात घातले.

परवा चोवीस पाहुणे, पैसे भरलेले,
टोपलीत चढायला एक पाय वर.
बेकिर पुटपुटला, बेकरीचा धूर आडवा चाललाय.
एवढंच.
बाईंनी दरीकडे पाहिलं. बर्नर बंद केला.
पाहुण्यांची बोलणी एकटीने खाल्ली,
आमच्याकडे बोट न दाखवता.

आणि वारा आलाच नाही!
दिवसभर आभाळ निळंशार, निर्लज्ज.
शेजारच्या कंपनीचे फुगे डोक्यावरून गेले,
त्यांची पोरं वरून हात हलवत होती.
बेकिर जेवला नाही.
संध्याकाळी बाई त्याच्याजवळ थांबल्या,
चहाचा पेला पुढे केला, म्हणाल्या,
उद्याही सांग.

आज साडेतीनला मी पोचलो
तर टॉर्च दातांत धरून बेकिर बसलेला,
एकटाच,
जुन्या गाठी सोडून
पुन्हा मारत.