चाळीस मिनिटं

वेळ मी लावायचो.
लिओनाचा फोन आईनं पिठाच्या डब्यात पुरला होता,
परीक्षा होईपर्यंत.
म्हणून कोंबडीच्या आकाराचा टायमर.
मान पिरगाळली की चाळीस मिनिटं.

चाळीस मिनिटांत एक मत, पुरावे तीन,
आणि विरुद्ध बाजूच्या माणसाला एक परिच्छेद.
त्याला खुर्ची द्यायची, कॉफी विचारायची,
मग गप्पांच्या ओघात
हळूच खुर्ची काढून घ्यायची.
मिसेस पेल्कींनी शिकवलेलं हे.

सरावाचा प्रश्न होता: नियम केव्हा मोडावा?
लिओनानं राजे लिहिले, क्रांत्या लिहिल्या,
पानभर 'समाज' लिहिला.
कागद परत आला हिरव्या शाईत भिजून.
'कोणता समाज? कुठं राहतो?'
आणि समासात, तीनदा: 'मग काय?'

गॅरेजचं दार रंगाच्या वासामुळं उघडं.
बाबा बोये रंगवत होते,
नारिंगीवर पांढरा पट्टा, आमचा.
मेनच्या त्या किनाऱ्यावर मे महिन्यातही
ब्रश धरणारी बोटं बधिर होतात.
लिओना मोठ्यानं वाचत होती.
बाबा म्हणाले, "हा 'तथापि' कोण?
ह्याची बोट कुठली?"

मी हसलो. ती नाही हसली.
"तुम्हीच सांगा मग," म्हणाली, "नियम कधी मोडलात?"

बाबांनी ब्रश डब्याच्या काठावर निथळू दिला.
निथळला तरी निथळू दिला.

"तुझ्या जन्माआधीचा नोव्हेंबर. ट्रकचा हप्ता थकलेला.
सापळ्यात एक शेवंड आली, मादी.
शेपटीला खाच.
कुणीतरी कधीतरी तिची अंडी पाहिली होती,
खाच पाडून सोडली होती,
पुढच्याला कळावं म्हणून.
कात टाकून टाकून खाच बुजत आलेली.
आहे म्हटलं तर होती.
धुकं इतकं, की माझाच हात मला उसना वाटत होता."

"सोडलीत ना?" मी विचारलं.

"घेतली," बाबा म्हणाले.
"दोन डॉलर नव्वद सेंट."

गॅरेजात फक्त कोंबडीची टिकटिक.

"विरुद्ध बाजूला माणूस लागतो ना तुला?
मला लिही. पण कॉफी दे आधी."

तेवढ्यात कोंबडी किंचाळली.
लिओनानं पेन खाली ठेवलं नाही.
मी 'वेळ संपली' म्हणालो नाही.
नियमाप्रमाणे म्हणायला हवं होतं.

तो कागद आठवड्यानं परत आला.
हिरवी शाई जवळजवळ नव्हतीच.
फक्त 'माझ्या बाबांनी' आणि 'घेतली' यांच्या मध्ये
एक काकपद,
कावळ्यानं ओल्या वाळूत एकच पाय टेकवावा तसं,
आणि वर शब्द नाही.
"विसरल्या वाटतं लिहायला," लिओना म्हणाली.

बाबा टेबलाच्या पलीकडून बघत होते.
त्यांना कागद उलटा दिसत होता.
"खाच आहे ती," म्हणाले.
मग उठले, आणि तीनदा धुतलेले हात
परत धुवायला गेले.

परीक्षेत प्रश्न भलताच आला.
रांगेत उभं राहण्याबद्दल काहीतरी.
शेवंड नाही, धुकं नाही, बाबा नाहीत.
तीन निबंध लिहून ती जिममधून बाहेर आली,
मधल्या बोटाला खळगा पडलेला,
आणि म्हणाली, भूक लागलीय.

पिठाच्या डब्यातून फोन निघाला तेव्हा
आठ दिवस त्याच्या बटणांतून पीठ सांडत होतं.
कोंबडी माझ्याकडं आली.
कधीकधी उगाच मान पिरगाळून
खिडकीत ठेवतो तिला.
बाहेर नारिंगी बोये दिसतात, लांब,
पाण्यावर माना काढून.
एखाद्यापाशी बाबांची बोट थांबते.
सापळा वर येतो.
ते काहीतरी हातात धरून
बराच वेळ उलटंपालटं बघतात.
इथून दिसत नाही, काय.